डीसीसी लेआउटची पहिली बांधणी आणि वायरिंग

मॉडेल रेल्वे चालवण्याच्या डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच डीसीसी, या पद्धतीची ओळख करून देताना नवख्या माणसाला बहुधा एकच वाक्य ऐकवले जाते: रुळांना दोन तारा जोडा आणि गाड्या चालवा. जमिनीवर मांडलेल्या लहानशा वर्तुळापुरते ते खरेही आहे. मात्र लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, कायमच्या फळीवर चढला आणि त्यात चार पॉइंट (गाडीला दुसऱ्या मार्गावर वळवणारे सांधे), एक यार्ड व दोन-तीन इंजिने आली, की त्या दोन तारांनी भागत नाही. इंजिने ठरावीक जागी अडखळू लागतात आणि दोष मात्र डीकोडरच्या, म्हणजे इंजिनातल्या संदेश ओळखणाऱ्या सर्किटच्या, माथी मारला जातो. माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक तक्रारींचे मूळ फळीच्या खाली, वायरिंगमध्ये निघालेले आहे. म्हणून या लेखात देखाव्याचा विचार केलेला नाही. फळीपासून पहिल्या फेरीपर्यंतचे काम कोणत्या क्रमाने करावे आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासून घ्यावे, एवढेच सांगितले आहे.

रुळांत नेमके काय वाहते

जुन्या डीसी पद्धतीत रुळांतील व्होल्टेज कमीजास्त करून वेग बदलला जातो आणि धन-ऋण टोकांची अदलाबदल करून दिशा बदलली जाते. त्यामुळे त्या रुळावरची सर्व इंजिने एकाच वेळी हलतात. डीसीसीमध्ये रुळांत सदैव पूर्ण व्होल्टेज असते, एन या लहान मापासाठी साधारण १२ व्होल्ट आणि एचओ या त्याहून मोठ्या मापासाठी १४ ते १६ व्होल्ट. हे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत राहते आणि या उलटण्याच्या वेळेतच संदेश दडलेला असतो. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो १, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब असेल तर तो ०. प्रत्येक संदेशाच्या आरंभी किमान १४ वेळा १ पाठवला जातो, त्यानंतर इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा आणि शेवटी चूक ओळखण्यासाठी एक तपासणीचा आकडा येतो. इंजिनातला डीकोडर रुळांतून येणारा प्रत्येक संदेश ऐकतो, पण स्वतःच्या पत्त्यावर आलेलाच पाळतो. ही पद्धत मुळात जर्मनीतील लेन्झ कंपनीची. १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तिच्या आधारे खुले मानक ठरवले, आणि म्हणूनच आज एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर, म्हणजे रुळांना वीज आणि संदेश देणाऱ्या यंत्रावर, चालतो.

या रचनेतून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे एखाद्या सैल जोडामुळे डीसी इंजिन नुसते मंदावेल, पण डीसीसीत संदेशच तुटतो आणि इंजिन गचके खाते किंवा आज्ञाच मानत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ५ अँपिअरचे कमांड स्टेशन आणि १५ व्होल्ट असा हिशेब केला, तर रुळांवर कुठेही ७५ वॅटपर्यंत शक्ती उपलब्ध असते. चांगल्या सोल्डरिंग आयर्नची ताकद याहून कमी असते. शॉर्ट सर्किट झाले आणि पुरवठा तत्काळ बंद पडला नाही, तर डब्याची प्लास्टिकची चाकजोडी वितळायला फार वेळ लागत नाही.

आराखडा आणि फळी

माप आधी ठरवावे. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी रुळांतर. एन म्हणजे बहुतेक ठिकाणी १:१६० प्रमाण आणि ९ मिमी रुळांतर. जागा कमी असेल तर एन मोहात पाडते, परंतु हाताने सोल्डर करण्याची सवय नसलेल्याने पहिला लेआउट एचओमध्येच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एनच्या इंजिनात डीकोडर बसवताना नखाएवढ्या जागेत काम करावे लागते.

एचओसाठी ३६ सेंमी त्रिज्येचे वळण मिळते, पण लांब डबे आणि मोठी इंजिने त्यावर रुळ सोडतात. ४५ सेंमी हे किमान आणि ६० सेंमी हे समाधानकारक मानावे. चढाचा हिशेब कागदावर करून पाहावा, कारण इथे उत्साह हमखास फसवतो. एका मार्गावरून दुसरा नेण्यासाठी रुळ सुमारे ७५ मिमी उचलावा लागतो. तीन टक्के चढाने त्यासाठी २.५ मीटर लांबी लागते आणि खाली उतरायला पुन्हा तेवढीच. बहुतेक पहिल्या फळ्यांवर ही लांबी नसते, तेव्हा पहिला लेआउट सपाटच ठेवावा.

फळीसाठी ९ किंवा १२ मिमी जाडीचे प्लायवूड घ्यावे आणि त्याखाली लाकडी पट्ट्यांची चौकट करावी. गुण्या लावून कोपरे तपासावेत आणि पाणसळ दोन्ही दिशांना धरून पाहावी. तारा ओवण्यासाठी चौकटीच्या आडव्या पट्ट्यांना आधीच २० ते २५ मिमीची भोके पाडून ठेवावीत, कारण फळी पायांवर उभी राहिल्यावर खाली झोपून ड्रिल चालवणे हा छळ आहे. हात न टेकता साधारण ७५ सेंमीपर्यंतच पोहोचता येते. भिंतीला लागून असलेल्या फळीची रुंदी त्याहून अधिक ठेवू नये.

रुळ बसवणे

फळीवर आराखडा पेन्सिलीने पूर्ण काढून घ्यावा, त्यावर ३ मिमी कॉर्कची पट्टी चिकटवावी आणि मग रुळ ठेवावेत. सुरुवात पॉइंटपासून करावी आणि त्यांच्यामधली जागा सरळ व वळणाच्या तुकड्यांनी भरून काढावी, कारण पॉइंट कापून लहान करता येत नाहीत. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांखाली गोंदाचा थेंबही जाऊ देऊ नये. रुळांच्या सांध्यांवर बोट फिरवून पाहावे: बोटाला जे खटकते ते चाकालाही खटकते, आणि तेथे बारीक कानस मारूनच पुढे जावे. हवामानानुसार लाकूड आणि धातू हलत राहतात, म्हणून मीटर-दोन मीटरवर एखाद्या सांध्यात जाड कागद शिरेल एवढी फट ठेवावी.

पेटीवर रुळांचा धातू ‘निकेल-सिल्व्हर’ असा लिहिलेला असतो. त्यात चांदीचा अंशही नसतो. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे आणि तांब्याच्या मानाने त्यातून वीज कितीतरी पटीने अवघड जाते. त्यातच दोन रुळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडपट्ट्या काही महिन्यांत सैल आणि काळ्या पडतात. जोडपट्टीचे काम रुळ एका रेषेत धरण्याचे आहे. वीज पुढे नेण्याचे काम तिच्यावर सोपवू नये.

बस आणि फीडर

म्हणून फळीच्या खालून, मुख्य मार्गाच्या साधारण समांतर, तांब्याच्या दोन जाड तारा न्याव्या लागतात. त्यांना बस म्हणतात. चार-पाच मीटरपर्यंतच्या लेआउटला १.५ चौरस मिमीची तार पुरते, त्याहून मोठ्याला २.५ चौरस मिमीची घ्यावी. एक तार लाल, दुसरी काळी, आणि हा नियम संपूर्ण लेआउटभर मोडायचा नाही. दोन्ही तारांना एकमेकींभोवती सैलसर पीळ द्यावा आणि त्यांची टोके वर्तुळासारखी परत एकमेकांना जोडू नयेत. रुळापासून बसपर्यंत येणारी बारीक तार म्हणजे फीडर. ती ०.५ चौरस मिमीची चालते, मात्र लांबी ३० सेंमीच्या आत असावी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर मिळणे हे उत्तम. निदान दर मीटरला तरी एक जोडी असलीच पाहिजे.

आता रंगांचा प्रश्न. फळीवर वरून पाहताना डावा-उजवा रुळ सहज कळतो, पण खाली वाकले की डावे-उजवे उलटते. माझ्या पहिल्या लेआउटवर मी एका बैठकीत सर्व फीडर सोल्डर करून बसला जोडले आणि मग पुरवठा सुरू केला. कमांड स्टेशनने लगेच मान टाकली. एकच फीडर उलटा जोडला गेला होता, पण तो कोणता हे शोधायला एकेक तार सोडवत दोन संध्याकाळी गेल्या.

तेव्हापासून मी एक लहान डबा घेतो, त्याच्या एका बाजूला लाल चिकटपट्टी लावतो आणि पुरवठा बंद असताना तो हाताने संपूर्ण मार्गावर ढकलत नेतो. लाल पट्टीच्या बाजूचा जो रुळ, त्याच्या बाहेरच्या अंगाला दर फुटावर लाल पेनाने टिंब करतो. त्या रुळाला लाल तार, दुसऱ्याला काळी. या डब्याचा आणखी एक उपयोग आहे. फिरून पुन्हा त्याच जागी येताना लाल पट्टी जर काळ्या रुळाच्या बाजूला आली, तर आराखड्यात उलट वळसा, म्हणजे रिव्हर्स लूप, आहे हे वायरिंग करण्याआधीच कळते. अशा वळशात लाल रुळ जाऊन काळ्याला मिळतो आणि शॉर्ट सर्किट अटळ असते. त्यावर उपाय असा: वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळ तोडून तिथे प्लास्टिकच्या जोडपट्ट्या बसवाव्यात आणि आतल्या तुकड्याला ऑटो-रिव्हर्सर या लहान मॉड्यूलमधून वीज द्यावी. गाडीच्या चाकांनी सीमेवर शॉर्ट होताच ते मॉड्यूल क्षणार्धात टोके उलटवते आणि इंजिनाला पत्ताही लागत नाही, कारण डीसीसीत दिशा रुळांच्या ध्रुवांवर नव्हे तर आज्ञेवर ठरते. तोडलेला तुकडा मात्र आपल्या सर्वांत लांब गाडीहून लांब असला पाहिजे.

सोल्डर करताना

फीडर रुळाच्या बाहेरच्या अंगालाच जोडावा. आतल्या अंगाने चाकाची कड जाते. दोन स्लीपरांच्या मधल्या जागी रुळाची बाजू कानशीने चमकेपर्यंत घासावी, जवळच भोक पाडून तार खालून वर घ्यावी आणि तिचे सोललेले टोक पक्कडीने काटकोनात वाकवून सुमारे ५ मिमी लांबीचे करावे. रुळाला थोडा रोझिन फ्लक्स लावून आधी त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा, तारेच्या टोकावरही चढवावा, आणि मग तार रुळाला टेकवून वरून आयर्न धरावे. दोन्ही थर एकमेकांत वितळून चकचकीत होताच आयर्न उचलावे. दोन-तीन सेकंद पुरतात. जास्त वेळ धरले की स्लीपरचे प्लास्टिक मऊ होते आणि रुळांतर बिघडते. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचा बोळा ठेवला तर उष्णता पुढे पसरत नाही. आम्लयुक्त फ्लक्स अजिबात वापरू नये. तो हळूहळू जोडच खातो. सुरुवातीला कमी वॅटचे आयर्न सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात उलटे घडते. ते रुळ पटकन तापवू शकत नाही आणि तेवढ्या वेळात स्लीपर वितळतो. ४० ते ६० वॅटचे घ्यावे.

हे काम चालू असताना कमांड स्टेशन बसपासून पूर्ण सोडवलेले असावे, आणि बसच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर बीपच्या खुणेवर लावून ठेवावा. जो फीडर जोडताच मीटर ओरडेल तोच चुकलेला. शोधाशोध करण्याची वेळच येत नाही.

पॉइंट

पॉइंटमध्ये दोन मार्गांचे रुळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला फ्रॉग म्हणतात. तो प्लास्टिकचा असेल तर वायरिंग सोपे होते, पण लहान इंजिन संथ चालताना नेमके तिथेच थांबते. धातूचा, म्हणजे सजीव फ्रॉग असेल तर इंजिन अडखळत नाही; मात्र पॉइंट ज्या बाजूला वळेल त्याप्रमाणे फ्रॉगची वीज बदलावी लागते. त्यासाठी फ्रॉगपासून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकच्या जोडपट्ट्या लावाव्यात, फ्रॉगची तार पॉइंट मोटरवरच्या स्विचच्या मधल्या टोकाला जोडावी आणि बाजूच्या दोन टोकांना बसची लाल व काळी तार द्यावी. पॉइंट कोणत्याही बाजूला वळवला तरी इंजिन फ्रॉगपाशी पोहोचताच शॉर्ट होते, असे दिसले तर बाजूच्या या दोन तारांची अदलाबदल करावी. दोष बहुधा तोच असतो.

पॉइंट हलवायला सोलेनॉइड, संथ मोटर किंवा सर्व्हो यांपैकी काहीही चालते. सोलेनॉइडला क्षणभरच वीज द्यायची असते. ती चालू राहिली तर कॉइल जळते. पहिल्या लेआउटवर पॉइंट हातानेच हलवले तरी काही बिघडत नाही, मोटरी मागाहून बसवता येतात.

नाण्याची चाचणी

सर्व फीडर जोडून झाले की कमांड स्टेशन बसला जोडावे. त्यासाठी त्याच्यासोबत आलेला किंवा उत्पादकाने सांगितलेलाच अडॅप्टर वापरावा. घरगुती विजेच्या उघड्या तारा फळीखाली कधीही आणू नयेत. जुना डीसी कंट्रोलर त्याच रुळांना जोडलेला राहिला असेल तर तो आधी काढावा, कारण दोन्ही एकत्र आले की यंत्र जळते. जुन्या फीडर-ट्रॅकमध्ये, म्हणजे तारा जोडण्याची सोय असलेल्या रुळाच्या तुकड्यात, रेडिओचा खरखराट कमी करण्यासाठी कपॅसिटर असतो, तो संदेश बिघडवतो. असे तुकडे बाजूला ठेवावेत.

आता सर्व इंजिने आणि डबे उचलून ठेवावेत, पुरवठा सुरू करावा आणि एक नाणे दोन्ही रुळांवर आडवे टेकवावे. कमांड स्टेशनने त्याच क्षणी पुरवठा तोडला पाहिजे. नाणे उचलून, पुन्हा सुरू करून, दर अर्ध्या मीटरवर हीच कृती करावी, यार्डातल्या शेवटच्या टोकापर्यंत. ज्या जागी पुरवठा तुटत नाही आणि नाणे कोमट लागते, तिथे तारेचा प्रवास फार लांब किंवा जोड कच्चा आहे. तिथे आणखी एक फीडर द्यावा. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच गाळला जातो. पण वर सांगितलेले ७५ वॅट डब्याच्या चाकांतून जाऊ द्यायचे नसतील तर दुसरा मार्ग नाही.

डीकोडर आणि सीव्ही

सॉकेट असलेल्या इंजिनात डीकोडर नुसता खोचायचा असतो. आठ पिनांचा प्लग उलटा बसला तर इंजिन चालते, पण दिवे लागत नाहीत; खूण पाहून फिरवून बसवावा. सॉकेट नसेल तर तारा सोल्डर कराव्या लागतात: लाल आणि काळी रुळांकडून येणारी, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला आणि निळी दिव्यांची सामाईक. त्याआधी मोटरची दोन्ही टोके इंजिनाच्या सांगाड्यापासून आणि चाकांपासून पूर्ण सुटी आहेत ना, हे मल्टिमीटरने तपासावे. एक टोक जरी सांगाड्याला लागत असेल तरी पहिल्याच क्षणी डीकोडर जळतो आणि तो दुरुस्त होत नाही.

नवे इंजिन थेट मुख्य मार्गावर ठेवू नये. कमांड स्टेशनच्या प्रोग्रॅमिंग टोकांना रुळाचा एक स्वतंत्र तुकडा जोडावा. तिथे वीज मर्यादित असल्याने वायरिंगची चूक असली तरी डीकोडर बहुधा वाचतो. इथे सीव्ही, म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग, वाचायला सांगितले की इंजिन किंचित थरथरते. नवखे त्याने घाबरतात, पण ते डीकोडरचे उत्तर आहे: होकार देण्यासाठी तो मोटरला क्षणभर वीज देतो. इंजिन थरथरले नाही आणि वाचन फसले, तर आधी चाके पुसावीत.

सीव्ही १ मध्ये पत्ता असतो आणि नव्या डीकोडरवर तो ३ असतो. दोन नवी इंजिने एकत्र ठेवून ३ बोलावले की दोन्ही धावतात, म्हणून तो लगेच बदलावा. इंजिनाचा चार आकडी क्रमांकच पत्ता म्हणून हवा असेल तर सीव्ही १७ आणि १८ भरावे लागतात. उदाहरणार्थ २०१५ ला २५६ ने भागले तर भागाकार ७ आणि बाकी २२३ येते. भागाकारात १९२ मिळवून १९९ हा आकडा सीव्ही १७ मध्ये आणि २२३ सीव्ही १८ मध्ये लिहायचा. हा हिशेब बहुतेक कमांड स्टेशन स्वतःच करतात. सीव्ही २९ चा नेहमीचा आकडा ६ असतो; मोठा पत्ता वापरायचा तर त्यात ३२ मिळवून ३८ होतो. इंजिन ‘पुढे’ म्हटल्यावर मागे जात असेल तर १ मिळवावा. त्या सहामधले ४ डीसीवर चालण्याच्या परवानगीचे असतात. ते वजा करावेत, म्हणजे संदेश क्षणभर तुटल्यावर इंजिन सुसाट सुटण्याचा धोका राहत नाही. सीव्ही ३ आणि ४ हे वेग घेण्याचे आणि थांबण्याचे. त्यांत सुरुवातीला १० ते १५ च्या आसपास आकडे घालून पाहावेत. इंजिनाला वजन आल्यासारखे वाटते. वेग वाढवताना पुढचा दिवा आळीपाळीने लागत-विझत असेल तर डीकोडर बिघडलेला नसतो. कमांड स्टेशन २८ वेगपायऱ्यांवर आणि डीकोडर १४ वर असतो.

पहिली फेरी एकाच इंजिनाने, डब्यांशिवाय आणि सर्वांत कमी वेगाने घ्यावी. जिथे ते अडखळेल तिथे फळीवर पेन्सिलीने खूण करून पुढे जाऊ द्यावे आणि तीन फेऱ्यांनंतर खुणा पाहाव्यात. एकाच जागी तीन खुणा असतील तर दोष रुळाचा किंवा फीडरचा. विखुरलेल्या असतील तर इंजिनाच्या चाकांचा. रुळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले सुती कापड घ्यावे. सँडपेपर लावू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक वेगाने साचतो. बदललेले सीव्हीचे आकडे त्या इंजिनाच्या खोक्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहून ठेवावेत. पुष्कळ डीकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिले की कारखान्यातल्या स्थितीला परत जातात, आणि तेव्हा पुन्हा भरायला तोच कागद लागतो.